शेतकऱ्यांनी मोजलेला टायरॉल: 1774 चा एक नकाशा कसा वाचायचा

1774 साली व्हिएन्नात छापलेल्या एका मोठ्या नकाशावर, आल्प्सच्या दाटीत, एका शिखराशेजारी बारीक जर्मन अक्षरांत एक शेरा कोरलेला आहे. त्याचा अर्थ असा: ऑर्टलर शिखर, सगळ्या टायरॉलात सर्वांत उंच.

शेरा बरोबर आहे. ऑर्टलरची उंची 3,905 मीटर, आणि जुन्या टायरॉल प्रांतात त्याच्याहून उंच काही नाही. गंमत अशी की 1774 मध्ये ऑर्टलरवर कुणी चढलेलंच नव्हतं. पहिला माणूस माथ्यावर पोचला तो 1804 मध्ये, म्हणजे नकाशा छापून तीस वर्षं झाल्यावर. मग खालून बघून एवढ्या खात्रीनं कसं लिहिलं? आणि लिहिणारे होते कोण? नकाशाच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच त्यांची ओळख दिली आहे: पेटर आनिख आणि ब्लाझियुस हूबर, ओबरपेर्फुस गावचे शेतकरी.

सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या राज्याच्या अधिकृत नकाशावर, तिच्या नावाखालोखाल, 'शेतकरी' हा शब्द. त्या काळच्या युरोपात ही साधी गोष्ट नव्हती. या नकाशाला पुढं 'अ‍ॅटलास तिरोलेन्सिस' असं नाव पडलं. त्यानं दाखवलेल्या मुलखाचे आज ऑस्ट्रिया आणि इटली या दोन देशांत तुकडे झालेले आहेत, आणि ते कुठं पडावेत यावरून विसाव्या शतकात भरपूर रक्त आटलं. त्यामुळे हा नकाशा भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू म्हणून सोडून देता येत नाही. तो नीट वाचायला शिकावा लागतो.

आधी मुलूख

टायरॉल म्हणजे आल्प्सचा मधला भाग. उत्तरेला इन नदीचं खोरं, त्यात इन्सब्रुक शहर. दक्षिणेला आडिजे नदीचं खोरं. जर्मन बोलणारे तिला एट्श म्हणतात. तिच्याकाठी खाली त्रेन्तो, आणि त्याच खोऱ्यात थोडं वर बोल्झानो, ज्याला जर्मनमध्ये बोत्सेन म्हणतात. या दोन खोऱ्यांच्या मध्ये आल्प्सचा कणा आडवा पडलेला आहे, आणि त्या कण्यात एक बऱ्यापैकी सोपी खिंड आहे: ब्रेनर. उंची साधारण 1,370 मीटर. आल्प्सच्या मानानं हे काहीच नाही. रोमन काळापासून जर्मनी आणि इटली यांच्यातला माल, सैन्य, यात्रेकरू, सगळं इथून गेलं.

हे राज्य उभंच राहिलं ते या खिंडीमुळे. घाटाच्या दोन्ही पायथ्यांवर ज्याचा ताबा, त्याला जकात. टायरॉलच्या सरदारांनी नेमकं हेच केलं. त्यांची राजवट डोंगराच्या एका अंगाला नव्हती, डोंगरावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेली होती. 1363 मध्ये हा प्रांत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला आणि, मधली थोडी वर्षं सोडली तर, पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांच्याकडेच राहिला. भाषा तीन: उत्तरेत आणि मधल्या भागात जर्मन, दक्षिणेला त्रेन्तोच्या बाजूला इटालियन, आणि मधल्या काही उंच दऱ्यांत लादिन नावाची जुनी, लॅटिनमधून आलेली बोली. आपल्याकडे कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, पण म्हणून घाटमाथ्यावर कुणी पासपोर्ट मागत नाही. अठराव्या शतकात ब्रेनरचंही तसंच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

कातारी ते मोजणीदार

पेटर आनिख 1723 मध्ये जन्मला. ओबरपेर्फुस हे इन्सब्रुकच्या पश्चिमेला डोंगरउतारावरचं खेडं. बाप शेती करायचा आणि जोडीला लाकूड कातायचा. पोरगाही तेच शिकला. आकाशाचा नाद कुठून लागला कोण जाणे, पण शेताची कामं उरकून तो सूर्यघड्याळं बनवू लागला. सूर्यघड्याळ करायचं तर सावलीचा कोन, अक्षांश, सूर्याची वार्षिक चाल हे सगळं हाताला यावं लागतं. इथवर तो स्वतःच्या जिवावर पोचला आणि मग अडला.

1751 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो इन्सब्रुकच्या विद्यापीठात इग्नात्स वाइनहार्ट या जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातल्या, प्राध्यापकासमोर जाऊन उभा राहिला. मला शिकवा म्हणाला. वाइनहार्टनं त्याला हाकललं नाही, हे या गोष्टीतलं खरं वळण. आठवडाभर शेत, आणि रविवारी किंवा सणाच्या दिवशी पंधराएक किलोमीटर पायी जाऊन गणित, खगोल, मापनशास्त्र. कित्येक वर्षं हा शिरस्ता चालला. 1756 मध्ये त्यानं विद्यापीठासाठी जवळजवळ मीटरभर व्यासाचा आकाशगोल केला, 1759 मध्ये तेवढाच पृथ्वीगोल. इथं कातारीपणा कामाला आला. अचूक गोल घडवणं हे शेवटी कातकामच आहे.

माझ्या मते युरोपातल्या ज्ञानोदयाच्या युगाचं वर्णन करताना आपण श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतल्या विद्वानांच्या बैठकी, विश्वकोश, राजदरबारातले तत्त्वज्ञ यांच्यावर फार वेळ घालवतो. ओबरपेर्फुसची पायवाट त्या चित्रात सहसा नसते.

त्रिकोणाची जादू, म्हणजे आपला कोबाको

1760 मध्ये आनिखकडे उत्तर टायरॉल मोजायचं काम आलं. आता डोंगराळ मुलूख मोजायचा कसा? शेत मोजतात तशी साखळी टाकत जाणं शक्य नाही. मध्ये कडे, ओढे, बर्फ. साखळी कड्यावरून लोंबत नाही.

इथं नववीच्या भूमितीतली गोष्ट आठवा. त्रिकोणाचे दोन कोन आणि त्यांच्या मधली बाजू माहीत असेल, तर तसा त्रिकोण एकच असतो. कोबाको कसोटी. परीक्षेनंतर आपण ती विसरतो, पण जगातले निम्मे जुने नकाशे तिच्यावर उभे आहेत.

नदीकाठी सपाट जागा शोधायची. तिथं दोन खुणा रोवून मधलं अंतर अतिशय काळजीनं, पुन्हापुन्हा मोजायचं. ही झाली पायारेषा, म्हणजे 'बाजू'. मग एका टोकाला उभं राहून दूरच्या चर्चच्या मनोऱ्याकडे नजर लावायची आणि पायारेषेशी होणारा कोन वाचायचा. दुसऱ्या टोकाला जाऊन तेच. दोन कोन, मधली एक बाजू. आता मनोऱ्यापर्यंत न चालता त्याचं अंतर हिशोबानं निघतं. इतकंच नाही, आता मनोरा आणि पायारेषेचं एक टोक यांच्यातलं अंतर ही नवी पायारेषा झाली. तिच्यावर पुढचा त्रिकोण, त्यावर त्याच्या पुढचा. त्रिकोणांची साखळी खोऱ्यामागून खोरी ओलांडत जाते, आणि लोखंडी साखळी सुरुवातीलाच काय ती लागते. मग या त्रिकोणांच्या जाळ्यात वाटा, ओढे, वाड्या भरत जायच्या. ते बारीक काम मात्र पायपिटीचं.

उंचीचंही तसंच. समजा शिखर तुमच्यापासून आडव्या अंतरानं दहा किलोमीटरवर आहे आणि त्याचा माथा क्षितिजापासून 14 अंश वर दिसतो. 14 अंशांचं टॅन्जेन्ट जवळपास पाव. म्हणजे शिखर तुमच्याहून सुमारे अडीच किलोमीटर उंच. माथ्यावर पाऊल ठेवायची गरज नाही. शिखरांची तुलना खालूनच करता येते ती अशी. नकाशावर उंचीचे आकडे नाहीत, ती पद्धत पुढच्या शतकात रूढ झाली. ऑर्टलरजवळ आहे तो फक्त निकाल.

त्रिकोणांचं गणित सोपं होतं, माणसांचं अवघड. आपल्याकडे आजही मोजणीवाले गावात शिरले की बांधावर कुजबुज सुरू होते. कुणाचं काय निघणार, कुणाचं काय जाणार? टायरॉलच्या शेतकऱ्यांनाही हाच संशय होता. हातात नळी आणि कागद घेऊन फिरणारा माणूस म्हणजे नवा कर. आनिख आणि त्याचे मदतनीस यांना ठिकठिकाणी आसरा नाकारला गेला, गावांची नावं सांगायला लोक तयार होत नसत. तो स्वतः शेतकरी होता, बोली त्याच्या तोंडातली होती, तरी हे चुकलं नाही. आणि संशय अगदीच खुळचट होता असंही नाही. मारिया थेरेसाच्या राज्यात त्याच काळात जमिनींच्या नोंदी, डोई मोजणं, घरांना नंबर टाकणं हे सगळं सुरू झालेलं होतं. सरकार मोजतं तेव्हा पुढं काहीतरी मागतं, एवढं शहाणपण कुठल्याही गावाला असतं.

दक्षिणेकडचं काम जिवावर बेतलं. आज आडिजेचं खोरं सफरचंदांच्या बागांनी भरलेलं दिसतं, पण तेव्हा तिथं दलदल होती आणि दलदलीचा ताप होता. आनिख तिथं मोजणी करताना आजारी पडला. दरबारानं त्याला पदक आणि पेन्शन दिलं, पण त्याचा उपभोग घ्यायला तो फार राहिला नाही. 1 सप्टेंबर 1766 रोजी त्रेचाळिसाव्या वर्षी तो आपल्या गावी वारला. त्याच सुमारास इकडे बंगालमध्ये जेम्स रेनेल ईस्ट इंडिया कंपनीसाठी नद्या आणि वाटा मोजत हिंडत होता. जगभरच्या राज्यकर्त्यांना तेव्हा एकदमच मोजणीची भूक लागली होती.

उरलेलं काम ब्लाझियुस हूबरनं पुरं केलं. तोही ओबरपेर्फुसचाच, तोही शेतकरी, आनिखच्या हाताखाली तयार झालेला. मोजणी 1769 मध्ये संपली. पुढं हूबरनं शेजारच्या फोरार्लबेर्गचाही नकाशा केला. एका खेड्यातून इतके मोजणीदार निघाले की जर्मन भाषेत 'शेतकरी नकाशाकार' असा एक वेगळा शब्दच त्यांच्यासाठी रुळला.

20 तुकडे

छपाई व्हिएन्नात झाली. योहान एर्न्स्ट मान्सफेल्ड या कारागिरानं तांब्याच्या पत्र्यांवर नकाशा कोरला. तांब्यावर कोरायचं म्हणजे सगळं उलटं, आरशातल्यासारखं: अक्षरं उजवीकडून डावीकडे, पश्चिम पूर्वेला. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून दाब द्यायचा. हजारो गावांची नावं अशी उलटी कोरायला किती डोळे आणि किती हिवाळे लागले असतील!

नकाशाचे 20 पत्रे आहेत. प्रमाण साधारण 1:1,03,800, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा किलोमीटरभर. सगळे पत्रे जोडले तर उंची माणसाच्या डोक्यावर जाते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला डोंगर विचित्र वाटतात. आजच्या नकाशात समोच्च रेषा असतात. इथं डोंगर थोडे तिरके, बाजूनं पाहिल्यासारखे, एका अंगानं सावली देऊन काढले आहेत. तीळगुळाच्या वड्या ताटात मांडल्यासारखे म्हणा. याचा तोटा म्हणजे डोंगराची पाठ झाकली जाते. फायदा म्हणजे कुठलं प्रशिक्षण नसलेल्या माणसालाही लगेच कळतं की इथं चढ आहे.

खरा खजिना खुणांच्या सूचीत आहे. शहर, बाजारपेठ, चर्च असलेलं गाव, सुटं शेतघर, खानावळ, टपाल बदलायचा टप्पा, पडका किल्ला, शाबूत किल्ला, खाण, काचकारखाना, औषधी पाण्याचं कुंड, उन्हाळ्यात गुरं चरायला नेतात ती कुरणं. या यादीकडे पाहिलं की नकाशा कुणासाठी आहे ते उमगतं. फक्त सैन्यासाठी असता तर औषधी कुंडं कशाला? फक्त विद्वानांसाठी असता तर खानावळी कशाला? हे एका प्रांताचं मालमत्तेचं रजिस्टर आहे: काय पिकतं, काय निघतं, कुठून कर येतो, कुठं मुक्काम करता येतो. हिमनद्याही आहेत. त्यामुळे आज बर्फ किती मागं सरकला हे पाहणारे अभ्यासकही हा नकाशा काढून बसतात.

काय नाही तेही बघावं. 'डोलोमाइट' हा शब्द शोधाल तर सापडणार नाही. ज्या फ्रेंच भूवैज्ञानिकाच्या नावावरून तो दगड आणि मग ते डोंगर ओळखले जाऊ लागले, त्या दोलोमिअनं त्या खडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं 1791 मध्ये. शिखरं तीच, नाव अजून जन्माला यायचं होतं. आणि भाषांची सीमा कुठंच दाखवलेली नाही. जर्मन कुठं संपते आणि इटालियन कुठं सुरू होते हे दाखवावं, असं त्या काळच्या कुणाला वाटलंच नाही. राज्य घराण्याचं असायचं, भाषेचं नाही.

हद्द कुणाची

तरीही हा नकाशा भांडणांपासून अलिप्त नव्हता. त्याच्या आधी योसेफ फॉन श्पेर्ग्स या अधिकाऱ्यानं दक्षिण टायरॉलचा नकाशा हाती घेतला होता, तो 1762 मध्ये छापला गेला. श्पेर्ग्सला त्या भागात रस यायचं कारण व्हेनिस. हाब्सबुर्ग मुलूख आणि व्हेनिसचं प्रजासत्ताक यांच्यातली डोंगरी हद्द शतकानुशतकं कुरबुरीची होती, आणि कुरबुर राजांची कमी, गावांची जास्त. अमुक पठारावर उन्हाळ्यात गुरं कुणाची चरणार? त्या जंगलातलं लाकूड कोण तोडणार? यावरून मारामाऱ्या, गुरं पळवणं, खुणेचे दगड रातोरात हलवणं. बांध कोरणं ही काही फक्त आपली कला नाही. शेवटी 1750 च्या दशकाच्या सुरुवातीला रोव्हेरेतो गावी दोन्हीकडचे प्रतिनिधी बसले आणि डोंगरमाथ्यांवर दगड रोवून हद्द ठरवू लागले. मार्चेसिनाच्या पठारासारख्या ठिकाणी त्या काळचे दगड अजून उभे आहेत.

दुसरा वाद घरातला होता. त्रेन्तो आणि ब्रिक्सेन इथले बिशप हे नुसते धर्मगुरू नव्हते, आपापल्या मुलखाचे राजेही होते. कागदोपत्री ते थेट सम्राटाला बांधील, टायरॉलला नाहीत. प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यावर टायरॉलचा हात. नकाशानं त्यांचा मुलूख टायरॉलच्या चित्रातच घेतला आहे. यात मोजणीची चूक एकही नसेल, पण दावा मात्र आहे. मापं अचूक असली म्हणजे नकाशा तटस्थ होतो असं नाही. चौकट कुठं आखली आणि वर नाव काय लिहिलं, यात राजकारण बसतं. बिशपांचे मुलूख कायद्यानं विलीन झाले ते 1803 मध्ये. नकाशानं ते जवळपास तीस वर्षं आधीच करून टाकलं होतं.

हाब्सबुर्ग राज्याच्या बाकी प्रांतांची मोठी लष्करी मोजणी 1760 च्या दशकात सुरू झाली होती. तिचे नकाशे हातानं काढलेले, कुलपात ठेवलेले, गुप्त. टायरॉल त्या मोजणीतून वगळला गेला, कारण आनिख आणि हूबरचं काम होतंच. त्यामुळे सगळ्या साम्राज्यात नेमका हा सीमेवरचा, डोंगरी, लष्करी महत्त्वाचा प्रांत छापील स्वरूपात कुणालाही मिळण्याजोगा राहिला. गुप्ततेचा घोळ तो हाच: एका खात्यानं झाकायचं, दुसऱ्यानं छापायचं. नेपोलियनच्या काळात फ्रेंच लष्करानं याच नकाशावरून आपली आवृत्ती काढली.

नाव पुसायचे दोन प्रयोग

1805 मध्ये नेपोलियनकडून हरल्यावर ऑस्ट्रियाला टायरॉल शेजारच्या बव्हेरिया या जर्मन राज्याच्या हवाली करावा लागला. बव्हेरियानं आधुनिक कारभाराच्या नावाखाली प्रांत तोडून जिल्हे केले, त्यांना नद्यांची नावं दिली: इन जिल्हा, आइझाक जिल्हा, एट्श जिल्हा. 'टायरॉल' हे नावच कारभारातून काढून टाकलं. 1809 मध्ये आन्द्रेआस होफर या खानावळवाल्याच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी बंड केलं. होफरला 1810 मध्ये मान्तुआत गोळ्या घातल्या. 1814 मध्ये प्रांत ऑस्ट्रियाकडे परत आला.

दुसरा प्रयोग जास्त पद्धतशीर होता. तो समजायला पाणलोटाची कल्पना हवी. महाबळेश्वराच्या माथ्यावर पडलेला पाऊस कृष्णेत गेला तर बंगालच्या उपसागराला मिळतो, सावित्रीत गेला तर अरबी समुद्राला. ज्या रेघेवर पाणी दोन्हीकडे फुटतं, ती जलविभाजक रेषा. ब्रेनरवर तेच: उत्तरेकडचं पाणी इनमधून डॅन्यूबला आणि काळ्या समुद्राला, दक्षिणेकडचं आइझाक आणि आडिजेतून एड्रियाटिक समुद्राला. इटलीतल्या राष्ट्रवाद्यांचं म्हणणं असं की पाणी फुटतं तिथंच देशाची नैसर्गिक हद्द. निसर्गानंच आखून दिली आहे, आपण फक्त मागतो आहोत!

युक्तिवाद ऐकायला साफ वाटतो. पण एट्शच्या खोऱ्यात जर्मन आणि इटालियन भाषांचा सांधा येतो तो सालोर्नो गावापाशी, ब्रेनरहून रस्त्यानं शंभर किलोमीटरहून अधिक दक्षिणेला. 1910 च्या जनगणनेत या मधल्या पट्ट्यात सुमारे 89 टक्के लोक जर्मन बोलणारे होते, इटालियन बोलणारे जेमतेम 3 टक्के. 1915 मध्ये लंडनच्या गुप्त तहात दोस्त राष्ट्रांनी इटलीला युद्धात ओढण्यासाठी ब्रेनरपर्यंतचा मुलूख देऊ केला. 1919 च्या सां-जेर्मांच्या तहानं तो दिला. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या चौदा मुद्द्यांत इटलीची हद्द लोकांच्या राष्ट्रीयत्वानुसार ठरावी असं होतं. ते कागदावर राहिलं.

आणि नैसर्गिक हद्दीचं तत्त्वसुद्धा धड पाळलं नाही, ही मला सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. पूर्वेला टोब्लाखच्या सपाटीवर पाणी फुटतं. तिथून पुढचं इनिखेन आणि सेक्स्टेनचं पाणी द्रावामधून डॅन्यूबला जातं. तत्त्वानं ही गावं ऑस्ट्रियाची. तीही इटलीत गेली. जिथं रेघ सोयीची तिथं निसर्ग, जिथं गैरसोयीची तिथं नकाशा दुमडायचा.

नावांची तयारी आधीपासून चालू होती. एत्तोरे तोलोमेई नावाचा गृहस्थ 1904 मध्ये, म्हणजे मुलूख ऑस्ट्रियाचा असतानाच, सीमारांगेतल्या एका शिखरावर चढला आणि त्याला 'इटलीचा माथा' अशा अर्थाचं इटालियन नाव देऊन आला. आपणच पहिले असंही त्यानं जाहीर केलं. प्रत्यक्षात त्या शिखरावर 1895 मध्येच माणूस जाऊन आला होता. 1916 मध्ये त्यानं हजारो इटालियन स्थलनामांची यादी छापली. काही नावं खरंच जुनी होती, काही ध्वनी वळवून केली होती, काही सरळ घडवली होती. स्टेर्झिंगचं रोमन काळातल्या नावावरून 'व्हिपितेनो' झालं. 1923 मध्ये फॅसिस्ट सरकारनं ही नावं सक्तीची केली, आणि त्याच वर्षी 'टायरॉल' या शब्दावर बंदी आली. जर्मन शाळा बंद झाल्या, तेव्हा लोकांनी माजघरांत आणि तळघरांत चोरून वर्ग चालवले.

इथं जुन्या नकाशाकडे परत या. आनिख आणि हूबर यांनी नावं लोकांच्या तोंडून घेतली, बोलीतल्या उच्चारासकट. स्पेलिंग वेडंवाकडं आहे, पण नाव त्या जागेवर राहणाऱ्याचं आहे. नंतरच्या भाषाअभ्यासकांसाठी हा केवढा ठेवा ठरला. मात्र एक सावधगिरी हवी. हा नकाशा पुढं करून 'बघा, सगळा टायरॉल एक होता' असं म्हणणारे असतात. होता, एका घराण्याच्या राज्यात. पण त्या एक असण्यात त्रेन्तोचे इटालियन बोलणारेही होते, आणि त्यांना पुढं टायरॉलमध्ये राहायचं होतं का, हे हा नकाशा सांगू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या अनेकांनी वेगळ्या कारभाराची मागणी केली होती. जुना नकाशा म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे. तो दाखवून कब्जा मागता येत नाही.

बाकीचा इतिहास झरझर सांगतो. 1939 मध्ये हिटलर आणि मुसोलिनीनं इथल्या जर्मन भाषकांपुढं पर्याय ठेवला: जर्मनीत जा, किंवा इथं राहून इटालियन व्हा. बहुसंख्यांनी जाण्याच्या बाजूनं नाव नोंदवलं, सुमारे 75,000 खरोखर गेले. 1946 मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीत करार झाला, 1972 पासून विस्तृत स्वायत्तता आली, 1992 मध्ये ऑस्ट्रियानं हा वाद मिटल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. आज तिथल्या पाट्यांवर बोल्झानो आणि बोत्सेन ही दोन्ही नावं शेजारी असतात, आणि 1998 मध्ये ब्रेनरवरचा सीमेचा अडसरही निघाला.

92.56 मीटर

सप्टेंबर 1991 मध्ये ओत्झ खोऱ्याच्या वर, 3,210 मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात एक मृतदेह सापडला. पाच हजार वर्षांहून जुना निघालेला हाच तो 'ओत्झी'. आधी ऑस्ट्रियन पथकानं तो खणून इन्सब्रुकला नेला. मग प्रश्न आला: माणूस कुणाचा? म्हणजे, कुणाच्या हद्दीतला?

तहानुसार सीमा जलविभाजक रेषेवरून जायला हवी होती. पण पहिल्या महायुद्धानंतर सीमा आखली तेव्हा तिथं जाड हिमनदी होती, आणि बर्फाखाली पाणी नेमकं कुठं फुटतं ते कुणाला दिसत नव्हतं. म्हणून त्या ठिकाणी दगडांच्या मध्ये सरळ रेघ मारली गेली. पुढं बर्फ ओसरला, आणि उघडं पडलं ते असं की मृतदेहाच्या जागेचं पाणी उत्तरेला, इनकडे वाहतं. निसर्गाच्या नियमानं ओत्झी ऑस्ट्रियाचा होतो. पण कायदेशीर असते ती आखलेली रेघ.

मोजणीदार पुन्हा वर गेले, पुन्हा कोन आणि अंतरं घेतली. उत्तर आलं: सीमेपासून 92.56 मीटर, इटलीच्या बाजूला. ओत्झी आता बोल्झानोच्या संग्रहालयात थंड काचेआड आहे. जुन्या नकाशाचे स्कॅन इंटरनेटवर बघायला मिळतात. ओत्झ खोरं शोधून त्याच्या दक्षिण टोकापर्यंत जा. तिथं शिखरं आहेत, बर्फ आहे, कुरणं आहेत, आणि बर्फाच्या पलीकडे तोच प्रांत तसाच पुढं चालू आहे.